पाणसाळीची पुडी

नागुबाईने कनवटीला खोचलेली चंची काढली, तिच्यातला चार घड्यांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने दाबून सपाट केला. घड्यांच्या जागी कागद विरला होता. शाई उडून तपकिरी झाली होती, तरी अक्षर वाचता येत होते. नंबर दोनशे बारा. काळी पाणसाळ. देणार नागुबाई, भावकूची बायको, मौजे तळेवाडी. आठ दिवस पाण्याखाली राहिली तरी कुजत नाही.

दाराशी उभ्या असलेल्या पारिसाने ते उलट्या बाजूनेच वाचले. अक्षर त्याचे होते.

"साहेब, ह्यो कागुद दाखिवला की बियाणं मिळंल म्हणून सांगितलंतं," शेजारी बसलेली सून शालूबाई म्हणाली. "बारा वर्सं होत आली. पर सांगितलंतं."

खानापुराहून आगगाडीने येऊन दोघी स्टेशनापासून मळ्यापर्यंत चालत आल्या होत्या. म्हातारीचे पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीने भरले होते आणि ते लाकडी बाकाखाली कुठे लपवावेत हे तिला कळत नव्हते.

नाडगौडा साहेबांनी कागद दोन्ही हातांनी उचलला. बेळगावाबाहेरच्या या सरकारी भाताच्या मळ्यावर ते चौदा वर्षे होते. गावोगावच्या जुन्या भातांच्या तीनशे चाळीस जाती त्यांनी जमवल्या होत्या आणि जपल्या होत्या. शेतकरी यायचे ते नव्या, निवडून काढलेल्या भाताचे बियाणे न्यायला. त्याला सगळे 'नंबराचं भात' म्हणत. जुन्या जातींच्या ओळी बघून हसायचे. आता तर लढाईचे दिवस. जुन्या ओळींत अडकलेली जमीन जास्त पिकणाऱ्या जातींना द्यावी, असे वरून आलेले पत्र आठवडाभर टेबलावर पडून होते.

"पारिसा, बघ," साहेब म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "जुनं बियाणं कोण मागतंय, असं विचारतात ना? ही बाई मागायला आली. स्वतःचं बियाणं मागायला आली!" मग शालूबाईकडे वळून त्यांनी विचारले, "तुमच्याकडचं कसं गेलं?"

"सगळ्यांनी नंबराचं धरलं, तसं आमच्यातबी धरलं. वढ्याकडच्या खाचरात तेवढी आत्ती पाणसाळ पेरायची. मधी तीन वर्सं पाणी चढलंच न्हाय, तवा आमच्या ह्यांनी तिथंबी नंबराचंच पेरलं. आत्तीनं गाडग्यात थोडी राखून ठेवलती, ती रुजली न्हाय. आणि औंदा आषाढात नऊ दिस वढा खाचरात." शालूबाईने हाताने पाण्याची पातळी दाखवली. "सगळं कुजलं. आमचं वर्साचं खाणं त्या खाचरातच असतंय, साहेब. फुडल्या सालीबी असंच झालं तर ह्ये कॅम्पात हमालीला जातो म्हणाल्यात. ही चिठ्ठी मलाच घावली. आत्ती तर इसरूनच गेलती."

"जा, पारिसा," साहेब म्हणाले. "दोनशे बारा घेऊन ये."

भांडाराच्या खोलीत फळ्यांवर पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले होते. तळाशी ओल शोषायला चुनकळी, वर नंबर घातलेली पुडी. पारिसाला दिवा लागत नसे. कुठला डबा कुठे हे त्याच्या हाताला ठाऊक होते. दोनशे बाराकडे मात्र त्याने सात वर्षे कामापुरतेच बघितले होते.

तो कोगनोळीचा, जैनांच्या घरातला. घरी तंबाखू आणि जोंधळा. भात फक्त ताटात. कानडी-मराठी दोन्ही लिहिता-वाचता यायचे म्हणून मळ्यावर चिकटला आणि चार महिन्यांत साहेबांनी त्याला खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर बियाणे गोळा करायला धाडले. भाताच्या दोन लोंब्या शेजारी धरल्या तर त्याला फरक सांगता येत नसे, आणि हे कुणाला कळू नये म्हणून तो मान हलवत भराभर लिहून घ्यायचा. बायकांना ते कळत असावे. त्या त्याला 'भाताचा मास्तर' म्हणायच्या आणि आपसांत हसायच्या.

नागुबाई हसली नव्हती. तिने ओसरीवर दहा जुड्या मांडल्या होत्या आणि एकेक त्याच्या हातात देत सांगितले होते, ही उताराला, ही बाळंतिणीच्या पेजेला, ही पाऊस लवकर गेला तर. साहेबांनी पाण्यात टिकणाऱ्या जातीबद्दल मुद्दाम विचारायला सांगितले होते, म्हणून त्याने विचारले. ती आत गेली, बराच वेळ आत राहिली आणि काळ्या सालीची अकरावी जुडी घेऊन आली.

"आणि आमचं गेलं तर?" तिने विचारले होते.

"सरकारात ऱ्हाईल की, आक्का. कवाबी या," असे म्हणून त्याने चिठ्ठी लिहून दिली होती. चिठ्ठी द्यायला त्याला कुणी सांगितले नव्हते. तिच्यासमोर आपण कुणीतरी आहोत असे वाटावे म्हणून त्याने ती दिली होती.

बियाणे डब्यात ठेवले म्हणजे राहते असे नाही, हे त्याला मळ्यावर परत आल्यावर कळले. दोन-तीन वर्षांत ते मरते. म्हणून प्रत्येक जात आलटून पालटून एकेका ओळीत पेरायची, पिकवायची, नवे बियाणे डब्यात भरायचे. सात वर्षांपूर्वीच्या कार्तिकात दोनशे बाराची ओळ तयार झाली होती आणि त्याच वेळी धाकट्या बहिणीचे, कमलाचे, लग्न ठरवायला त्याला गावी बोलावले. तीन दिवसांची रजा होती. ओळ आज-उद्या झडणार हे त्याला दिसत होते. पण निपाणीच्या पाहुण्यांनी 'सरकारी नोकर' म्हणून त्याला मानाने बसवले, चार घरी जेवायला नेले, आणि तो आठ दिवस राहिला. परत आला तेव्हा ओळीत नुसत्या काड्या होत्या. खाली पडलेले पाखरांनी आणि उंदरांनी टिपून नेले होते. त्याने डब्यातले जुने वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघितले. एकही उगवला नाही.

शेजारची दोनशे तेराची ओळही काळ्या सालीची होती. त्यातले तीन मुठी भात त्याने दोनशे बाराच्या पुडीत भरले आणि वर नंबर घातला. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले. तेच त्याला पुढे, त्या नंबराखाली हे दुसरे भात पेरताना, दर खेपेला आठवत राहिले.

तो पुडी घेऊन बाहेर आला.

साहेबांनी ती स्वतः सोडली आणि नागुबाईपुढे धरली. तिने चिमूटभर दाणे तळहातावर घेतले. अंगठ्याने घोळवले. एक दाणा नखाने सोलला, दाताखाली धरला आणि हळूहळू चावला. शालूबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. साहेबही बघत होते. नागुबाईने मान वर केली ती थेट पारिसाकडे. किती वेळ ती बघत होती कोण जाणे. त्याने नजर खाली टाकली.

"व्हय," ती म्हणाली. "हीच."

शालूबाईने पुडीला हात लावून हात कपाळाला लावला. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"वहीत नोंद कर, पारिसा. नीट लिही, मला हे वर पाठवायचं आहे. 'मूळ देणाऱ्या बाईने समक्ष ओळख पटवून बियाणे परत नेले.'"

पारिसाने टाक बुडवला आणि ते वाक्य लिहिले. 'समक्ष' लिहिताना शाईचा थेंब पडला. त्याने टिपकागद लावला.

दोघी निघून गेल्यावर तो वहीपुढेच उभा राहिला. साहेब पत्राचा मजकूर मोठ्याने जुळवत होते. मध्येच त्यांनी त्याला विचारले, "समक्ष ओळख पटवून, बरं वाटतं ना?" तो "होय, साहेब," म्हणाला आणि मग एकाएकी, बाहेर काही काम असल्यासारखा, पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागला. चालता चालता तो पळू लागला.

नागुबाई फाटकाजवळच्या करंजाखाली बसली होती. शालूबाई विहिरीवर तांब्या भरून आणायला गेली होती.

"आक्का," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "ती पाणसाळ न्हवं."

नागुबाई पायाची धूळ झाडत होती. ती झाडत राहिली.

"म्हाईत हाय मला."

"मग साहेबांच्या म्होरं व्हय का म्हणालासा?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळे सांगितले. तीन दिवसांची रजा, आठ दिवस, निपाणीची जेवणे, रिकामी ओळ, ओल्या फडक्यातले वीस दाणे. सात वर्षांत तो हे कुणाशी बोलला नव्हता, बायकोशीही नाही. बोलताना तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. तिच्या पायाच्या भेगांकडे बघून बोलत होता.

"शेजारच्या ओळीतलं घातलंस म्हण की," ती म्हणाली.

"व्हय."

"तरीच. म्या दिलतं ते बुटक्या दाण्याचं हुतं. ह्ये लांबडं हाय."

"पाणसाळीचा दाणा बुटका असतोय?"

नागुबाईने विहिरीकडे बघितले. रहाटावर अजून दोन बायका होत्या. शालूबाई मागे उभी होती.

"पाणसाळीचा न्हवं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "म्या तुला पाणसाळ दिलीच न्हवती, मास्तर."

त्याने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितले.

"माज्या सासूनं मराय टेकल्यावर बजावलंतं. ह्या खाचराचं बियाणं भायेर देऊ नगस, ह्येच्यावर घर उभं हाय. आणि तू सरकारचा माणूस. वहीत लिवून घ्याय आलास. ह्येंचं खाचर कवाच बुडत न्हाय असं कळलं तर सारा वाढवतील, अशी गावात आवई हुती. न्हाय म्हणायलाबी भ्या वाटलं. म्हणून आत गेलो आणि माळावरलं काळं भात हुतं, कुणी खाईना असलं, त्येची जुडी आणून दिली." तिने पदर तोंडावर ओढला, पुन्हा काढला. "म्या दिलतं ते खोटं. आणि तू ठेवलंस ते त्येच्यापरास खोटं."

"मग आज आलासा कशाला?"

"सुनेला चिठ्ठी घावली. रोज म्हणायची, आत्ती, चला. काय सांगू तिला? खरं बियाणं माज्याच हातानं मारलं म्हणून सांगू? त्या दिवशी एक जुडी खरी दिली असती तर..." ती थांबली. "वाटलं, एवढ्या जाती हायत, दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईनं दिली असंल. माज्यावाणी समद्याच नसतील. आणि साहेबांम्होरं ही न्हवं म्हटलं असतं तर माजंबी उघडं पडलं असतं."

पारिसाच्या छातीवरून काहीतरी एकदम उतरले. म्हणजे त्या आठ दिवसांत झडून गेले ते पाणसाळ नव्हते. कुणी खात नसलेले, माळावरचे भात होते. तो निपाणीत जेवत होता तेव्हा तळेवाडीचे खाचर त्याच्यामुळे बुडाले नव्हते. त्याने मोठा श्वास सोडला.

"हलकं वाटलं न्हवं?" नागुबाईने विचारले.

त्याला कानांपर्यंत ऊन लागल्यासारखे झाले.

"मलाबी वाटलं," ती म्हणाली. "तू तुझं सांगाय लागलास तवा."

विहिरीवर रहाट करकरला. शालूबाईची पाळी आली होती.

"सुनेला सांगू नगस. ती लई गुणाची हाय, मला आईवाणी बघती. हे तिला कळलं तर तिच्या हातचा घास मला गिळायचा न्हाय."

"आणि ती ही पुडी पेरणार?"

"पेरू दे की. मूठभर तर हाय."

"मूठभर पेरणार, त्येचं बियाणं धरून फुडल्या वर्सी सगळं खाचर पेरणार. आणि मग वढा आला की..." तो उठला. "दोन वर्सं जातील, आक्का."

शालूबाई भरलेला तांब्या पदराने पुसत येत होती. पारिसाला पाहून ती हसली आणि आधी त्यालाच पाणी देऊ लागली.

"वैनी, ती पुडी परत द्या," तो म्हणाला. "ते पाणसाळ न्हवं. माज्या हातनं चूक झाली. सात वर्सांमागं तुमच्या बियाणाची ओळ झडली. म्या इथं न्हवतो. दुसरंच भरून ठेवलं आणि वर तुमचा नंबर घातला."

शालूबाईने तांब्या मागे घेतला.

"आत्तीनं वळखलं की."

"वय झालं त्येंचं. साल काळीच हाय दोन्हीची. चुकलं असंल."

शालूबाईने सासूकडे बघितले. नागुबाई आपल्या मुठीकडे बघत होती. ती काही म्हणेल असे पारिसाला क्षणभर वाटले, आणि तिने म्हणू नये असेही वाटले.

शालूबाईने ओच्यातून पुडी काढली आणि त्याच्या हातावर न देता करंजाच्या बुंध्याशी ठेवली.

"आमी अडाणी माणसं, मास्तर," ती म्हणाली. "इसवास ठेवून बसलती आत्ती. बारा वर्सं तुमच्या हातचा कागुद जपून ठेवला तिनं. कशाला लिवून दिलासा?"

मग तिने सासूला हाताला धरून उठवले. दोघी स्टेशनाच्या वाटेला लागल्या. नागुबाईने एकदा मान वळवल्यासारखी केली, पण मागे बघितले नाही.

पारिसाने पुडी आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्या सांगितले. साहेबांचे पत्र अर्धे लिहून झाले होते. त्यांनी ते वाचले, मधोमध फाडले आणि फाडलेले तुकडे एकमेकांवर नीट ठेवले.

"अशा आणखी किती?" त्यांनी विचारले.

"एकच, साहेब."

"तुझ्या शब्दावर?"

साहेब ओरडले असते तर पारिसाला बरे वाटले असते. ते खिडकीबाहेर, कापणी झालेल्या ओळींच्या टोकांना रोवलेल्या खुंटांकडे बघत होते. ओळीओळीला एक खुंट. प्रत्येकावर पारिसाच्या अक्षरातला नंबर.

"त्या बाईनं दिलेलं तरी अस्सल होतं?"

शालूबाईच्या हाताला धरून उठणारी म्हातारी त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"होय, साहेब. अस्सल होतं."

"तेवढं बरं. म्हणजे घाण आपल्याच घरात आहे." साहेबांनी वही ओढली, मघाचे वाक्य खोडले आणि खाली स्वतः लिहिले, की पाणसाळीचा अस्सल नमुना मळ्यावरच्या हलगर्जीपणाने नष्ट झाला. "भांडाराची किल्ली इथं ठेव."

त्याने किल्ली ठेवली. बाहेर येताना आपण एका म्हातारीची लाज राखली, असे त्याला वाटले. सात वर्षांत पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही चांगले वाटले होते. घरी जाऊन तो पोटभर जेवला.

नऊ दिवसांनी तळेवाडीचा एक माणूस मळ्यावर आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, हातात चपला घेतलेला. पायऱ्या चढून तो सरळ साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"मी परशराम. नागुबाईचा ल्योक." त्याने हात जोडले. "आईनं निरोप दिलाय. सायबास्नीच सांग म्हणाली."

पारिसा कोपऱ्यातल्या टेबलावर पावसाचे आकडे उतरवून घेत होता. त्याचा टाक थांबला.

"हितनं गेल्यापासनं दोन दिस जेवली न्हाय ती," परशराम म्हणाला. "तिसऱ्या दिशी शालू चुलीम्होरं मास्तराला शिव्या देऊ लागली, तवा उठून बसली. म्हणाली, त्येला नावं ठेवू नगा, म्याच त्येला खरं बियाणं दिलं न्हवतं. दुसरंच दिलतं. शेजारपाजारच्या बायका हुत्या, त्येंच्यासमोर म्हणाली. आणि मला म्हणाली, जा, तिथं वहीत माजं नाव लिवलंय, त्येच्याखाली खरं काय ते लिवून घ्याय सांग. मास्तराला समदं ठावं हाय, त्येला इचारा."

साहेबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. परत लावला.

"तुला ठाऊक होतं?"

पारिसा उठून उभा राहिला होता. "होय."

"मी विचारलं तेव्हा?"

"होय, साहेब."

"मग अस्सल म्हणून मला का लिहायला लावलंस?"

त्याच्याजवळ उत्तर होते. नऊ दिवस त्याच उत्तरावर तो शांत झोपला होता. पण परशरामसमोर, त्याच्या हातातल्या चपलांसमोर, ते तोंडातून निघेना. जी म्हातारी चार बायकांत आपणहून बोलली, तिची लाज आपण राखली असे कुणाला सांगायचे?

साहेबांनी फार वेळ वाट बघितली नाही. त्यांनी पुन्हा वही उघडली, आपलेच वाक्य खोडले, आणि त्या पानावर आता लिहायला जागा उरली नाही असे बघून वही मिटली. मग परशरामला विचारले, "खाचरात पुढच्या साली काय पेरणार?"

"काय पेरणार, साहेब? त्येच इचारायला थांबलोय."

साहेबांनी खणातून किल्ली काढून टेबलाच्या कडेला सरकवली. "पाण्यात टिकतात म्हणून लिहिलेल्या जेवढ्या आहेत तेवढ्या आण."

पारिसाने सहा पुड्या आणून ओळीने मांडल्या. बेळगावच्या आसपासच्या गावांतल्या, घाटाकडच्या, एक तर पार हल्याळकडची. साहेबांनी पहिल्या पुडीवर बोट ठेवले.

"ही?"

"ही नीट आहे, साहेब. गेल्या साली मी स्वतः कापली. गाव, नाव सगळं बरोबर."

"ही?"

"हीसुद्धा."

तिसरीबद्दल तो म्हणाला की देणाऱ्याने चार दिवस टिकते म्हणून सांगितले होते, मळ्यावर तसे करून कधी बघितलेले नाही. चौथी, पाचवी. साहेबांचे बोट सहाव्या पुडीवर आले. पारिसाने ती उचलली, पाठीमागचा नंबर बघितला, तोंड सोडून दाणे बघितले. पहिल्या वर्षीच्या फिरतीत गोळा केलेली होती. देणारीचे नाव होते. भाताच्या नावाच्या जागी त्याने नुसती रेघ मारलेली होती. ही कुणी, कुठल्या ओसरीवर दिली, खरी म्हणून दिली की भिऊन दिली, तेव्हा आपण काय ऐकले आणि काय नुसती मान हलवून लिहिले, त्याला काही आठवेना. पूर्वी अशा वेळी काहीतरी सांगून तो मोकळा होत असे.

"ठाऊक नाही, साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ही काय आहे ते मला ठाऊक नाही. पाण्यात टिकेल की नाही, तेही नाही."

साहेबांनी ती पुडी बाजूला सारली. परशरामने खांद्यावरचे पटकुर काढून टेबलावर पसरले, पाच पुड्या त्यात ठेवल्या आणि मग हात लांबवून सहावीही घेतली.

"ऱ्हाऊ द्या की हीबी," तो म्हणाला. "ठाऊक न्हाय म्हणून लिवा फक्त वर. एका कडंला पेरतो. पाणी आलं की कळंल."